बँकर कशाला लागतात?

कर्जतला गाडी थांबली की बहुतेकांचं लक्ष वड्यांकडे जातं. पाहण्यासारखं काम मात्र गाडीच्या शेपटीला चालू असतं. पुण्याकडे निघालेल्या गाडीच्या शेवटच्या डब्यामागे जादा इंजिनं येऊन लागतात. रेल्वेवाले त्यांना ‘बँकर’ म्हणतात. ती मुंगीच्या पावलांनी जवळ येतात, कपलिंग खटकन अडकतं, हवेचे पाइप जोडले जातात. मागच्या डब्यात बसलेल्याला हा धक्का पाठीतच कळतो.

सोबत नववीतली मुलं असली की प्रश्न ठरलेला: पुढच्या इंजिनाची ताकद कमी पडते का? ताकद असते हो, पकड अपुरी पडते.

कर्जतहून लोणावळ्याकडे चढणाऱ्या बोरघाटाचा सर्वांत तीव्र चढ ३७ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. गाडी इंजिनासकट १००० टनांची धरली, तर तिच्या वजनाचा सदतिसावा हिस्सा, सुमारे २७ टन, तिला सतत मागे ओढत असतो. न्यूटनमध्ये सांगायचं तर २ लाख ६५ हजार. आता इंजिन पाहा. वजन साधारण १२० टन. चाक रुळाला टेकतं ती जागा जेमतेम नखाएवढी, आणि लोखंडावर लोखंड. कोरड्या रुळावर वजनाच्या पावपट घर्षण मिळालं, तर ३० टन. वळणांचा आणि चाकांचा विरोध त्यातूनच भागवायचा. पावसात रूळ ओला झाला की हा हिशेब कोलमडतो आणि चाकं जागच्या जागी फिरू लागतात. म्हणून चाकांपुढे वाळू सोडायची सोय इंजिनातच असते.

घर्षण गतीला विरोध करतं, असं आपण शाळेत घोकतो. इथे तेच गाडी पुढे नेतं! चाक रुळाला मागे रेटतं आणि रूळ चाकाला पुढे. न्यूटनचा तिसरा नियम मला याहून चांगला कुठेच दाखवता आलेला नाही. बँकर लागले की रेटणारी चाकं वाढतात, शिवाय पुढच्या कपलिंगवरचा ताणही कमी होतो.

२०२३मध्ये सुरू झालेली मुंबई–सोलापूर वंदे भारत बँकरशिवाय घाट चढते. तिच्या निम्म्या डब्यांखाली मोटारी आहेत. म्हणजे जवळजवळ निम्म्या गाडीचं वजन पकडीच्या कामी येतं.

उतरताना काळजी उलटी. लोणावळ्याहून कर्जतपर्यंत सुमारे साडेपाचशे मीटर खाली यायचं. १००० टनांच्या गाडीत त्या उंचीची साठलेली ऊर्जा दीड हजार युनिट विजेएवढी. ती ब्रेकनी जिरवायची. ब्रेक निकामी झाले तर? त्यासाठी मंकी हिल, ठाकूरवाडीजवळ कॅच सायडिंग आहेत: मुख्य मार्गातून फुटून चढावर जाणारे आणि तिथेच संपणारे रूळ. सुटलेली गाडी तिकडे वळते आणि ज्या गुरुत्वानं तिला पळवलं तेच तिला थांबवतं. एरवीही सांधे त्या फाट्याकडेच लावलेले असतात. गाडी आधी पूर्ण थांबून ताबा दाखवते, मगच तिला मुख्य मार्ग मिळतो. डब्यात तेवढ्यात कोणीतरी हमखास म्हणतं, ‘आता इथे कशाला थांबवली?’