सामुदायिक रेडिओ नियमावली (भारत)

सामुदायिक रेडिओ म्हणजे मर्यादित परिसरातील लोकसमूहाने, त्याच लोकसमूहासाठी, नफ्याचा हेतू न ठेवता चालविलेले नभोवाणी केंद्र होय. सरकारी आकाशवाणी व खासगी व्यापारी एफ. एम. वाहिन्या यांच्याहून वेगळा असा हा नभोवाणीचा तिसरा प्रकार मानला जातो. भारतात अशा केंद्रांना माहिती व प्रसारण मंत्रालयाची मार्गदर्शक तत्त्वे लागू होतात.

पार्श्वभूमी

सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगाल खटल्यात ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. न्यायमूर्ती पी. बी. सावंत या खंडपीठात होते. डिसेंबर २००२ मध्ये प्रथम केवळ शिक्षणसंस्थांना केंद्र चालविण्याची मुभा मिळाली. त्यानुसार २००४ मध्ये चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र सुरू झाले. नोव्हेंबर २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्था व कृषी विज्ञान केंद्रांनाही हा मार्ग खुला झाला.

पात्रता व परवानगी

अर्जदार संस्था ना-नफा तत्त्वावरील असावी लागते. स्वयंसेवी संस्थेच्या बाबतीत किमान तीन वर्षांच्या स्थानिक सेवाकार्याची अट आहे. व्यक्ती, राजकीय पक्ष व त्यांच्या संलग्न संघटना, नफा कमावणाऱ्या संस्था आणि बंदी घातलेल्या संघटना अपात्र ठरतात. छाननीनंतर प्रथम इरादापत्र मिळते. लहरींचे वाटप झाल्यावर मंत्रालयाशी परवानगी करार होतो. ही परवानगी दुसऱ्यास हस्तांतरित करता येत नाही. कराराचा प्रारंभिक कालावधी पूर्वी पाच वर्षांचा होता, तो २०२४ च्या सुधारित तत्त्वांनुसार दहा वर्षांचा झाला. अनेक जिल्ह्यांत कार्यरत असलेल्या संस्थेस आता वेगवेगळ्या जिल्ह्यांत कमाल सहा केंद्रे काढता येतात.

प्रक्षेपणाची मर्यादा

प्रक्षेपकाची प्रभावी प्रारित शक्ती सामान्यतः १०० वॅटपर्यंत आणि मनोऱ्याची उंची जमिनीपासून ३० मीटरपर्यंत मर्यादित असते. त्यामुळे ध्वनी साधारण १० ते १२ किलोमीटरपर्यंत पोहोचतो. सोलापूर जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४ हजार चौरस किलोमीटरपेक्षा अधिक आहे. १० किलोमीटर त्रिज्येचे एक केंद्र त्यातील सुमारे ३१४ चौरस किलोमीटरच व्यापू शकते. जिल्हाभर ऐकू जाणारी वाहिनी या नियमांत बसत नाही; गाव आणि त्याची पंचक्रोशी हेच केंद्राचे कार्यक्षेत्र राहते.

कार्यक्रम व भाषा

किमान ५० टक्के कार्यक्रम स्थानिकांच्या सहभागातून तयार व्हावेत आणि ते शक्यतो स्थानिक भाषेत वा बोलीत असावेत, असा दंडक आहे. मराठीबरोबर कन्नड व तेलुगू बोलली जाणाऱ्या सोलापूरसारख्या भागात या तरतुदीला विशेष महत्त्व आहे. आकाशवाणीची कार्यक्रम व जाहिरात संहिता पाळणे आणि प्रसारित कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण तीन महिने जपून ठेवणे बंधनकारक आहे. केंद्राच्या सल्लागार व आशय समितीत निम्म्या सदस्य महिला असाव्यात, अशी तरतूद २०२४ मध्ये झाली.

जाहिराती

जाहिरातींना २००६ च्या धोरणात तासाला पाच मिनिटांची मर्यादा होती. ती पुढे सात मिनिटे झाली व २०२४ मध्ये १२ मिनिटे करण्यात आली. सरकारी जाहिरातींचा दरही १० सेकंदांना ५२ रुपयांवरून ७४ रुपये झाला. प्रायोजित कार्यक्रम मात्र केंद्र व राज्य सरकारचे अथवा लोकहिताची माहिती देणारेच चालतात.

बातम्यांवरील निर्बंध

केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्यास व राजकीय कार्यक्रम करण्यास मनाई आहे. आकाशवाणीच्या बातम्या मूळ स्वरूपात किंवा स्थानिक भाषेत अनुवाद करून देता येतात. अनुवादात विपर्यास होणार नाही, ही जबाबदारी केंद्राची असते. हवामान, रहदारी, पाणी व वीजपुरवठा, परीक्षा, रोजगार आणि नैसर्गिक आपत्ती यांविषयीची माहिती बातमी समजली जात नाही. परिणामी, नळाला पाणी कधी येणार हे केंद्र सांगू शकते. पाणीवाटपाच्या निर्णयाचे वार्तांकन मात्र त्याला करता येत नाही. या बंदीला कॉमन कॉज या संस्थेने २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले.

महाराष्ट्रातील केंद्रे

सोलापूर जिल्ह्याच्या सीमेलगत, सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे माणदेशी फाउंडेशनने २००८ मध्ये ‘माणदेशी तरंग’ (९०.४ मेगाहर्ट्झ) सुरू केले. बारामतीची ‘वसुंधरा वाहिनी’ व सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ ही राज्यातील अन्य केंद्रे आहेत.