तिथीची पाऊणपट सुरतेला का चुकते?

मंडळी, भरतीचा जुना हिशेब आपल्यापैकी बऱ्याच जणांना पाठ असतो. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. मुंबईला हे बऱ्यापैकी जमतं. पण त्याच भरवशावर कुणी हजीरा-मगदल्ल्याकडे तापीच्या मुखात बोट घातली, तर पाणी अजून पुरतं चढलेलंच नसतं आणि बोट गाळात बसायची भीती. असं का?

हिशेब खोटा नाही. चंद्र पृथ्वीभोवती फिरतो, म्हणून तो रोज साधारण 50 मिनिटं उशिरा उगवतो, आणि भरतीही तेवढीच मागे सरकते. पाऊणपट म्हणजे दिवसाला 45 मिनिटं. जुन्या माणसांचा आकडा किती जवळचा!

अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, म्हणून उधाण. सूर्य मोठा खरा, पण 15 कोटी किलोमीटर लांब. भरतीत त्याचा जोर चंद्राच्या निम्म्याहूनही कमी. अष्टमीच्या सुमारास दोघं काटकोनात येतात, तेव्हा भांग. डोलवाल्यांना हे वेगळं सांगायला नको, पाण्याची ओढ जाळ्यालाच कळते. चंद्राचं अंतरही बदलतं: जवळ आला की सुमारे 3,63,000 किलोमीटर, लांब गेला की 4,05,000. जवळ असताना पौर्णिमा पडली, तर उधाण आणखी मोठं.

हे अंतर नेमकं मोजता येतं, कारण 1969 मध्ये अपोलो 11 च्या अंतराळवीरांनी चंद्रावर खास आरसे ठेवले. पृथ्वीवरून लेझर सोडला की तो तिथून परत येतो. त्यातून कळलं की चंद्र वर्षाला 3.8 सेंटिमीटर दूर जातोय, आणि त्याला कारण आपल्या समुद्राची भरतीच!

मग सुरतेला चुकतं कुठे? चंद्र तोच, किनारा वेगळा. भरती ही एक लांबच लांब लाट. ती खंभातच्या आखातात शिरली की पुढे जागा चिंचोळी आणि उथळ. लाटेला पोचायला उशीर होतो आणि पाणी उंच चढतं. मुंबईचं मोठं उधाण 5 मीटरच्या आसपास, तर भावनगरला 10 मीटरच्याही वर. तापीचं मुख उथळ, म्हणून पूर्वी मोठी जहाजंसुद्धा सुवाळीलाच नांगर टाकत.

उपाय सोपा आहे. चार-सहा दिवस आपल्या खाडीतल्या पूर्ण भरतीची वेळ लिहून ठेवा. पाऊणपटीपेक्षा किती उशीर, तो तुमच्या बंदराचा आकडा. समजा तो तीन तास निघाला, तर षष्ठीची साडेचारची भरती तुमच्याकडे साडेसातच्या सुमारास.

पण हा अंदाज झाला. वारा असेल, उकाईतून पाणी सोडलं असेल, तर गणित बिघडतं. बोट आत घेताना त्या बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघूनच घ्या.