संगणकातील वैद्यकीय नोंद : गैरसमज आणि वस्तुस्थिती

रुग्णाचे केसपेपर स्कॅन करून संगणकात साठवले, की इलेक्ट्रॉनिक वैद्यकीय नोंद तयार झाली, अशी समजूत अनेक रुग्णालयांत आढळते. प्रत्यक्षात ते केवळ कागदाचे छायाचित्र असते. त्यातील मजकूर डॉक्टरांना वाचता येतो. परंतु रुग्णाला पेनिसिलिनची ॲलर्जी आहे हे त्यावरून संगणकाला उमगत नाही, आणि म्हणून त्याच गटातील ॲमॉक्सिसिलिन लिहून दिले जात असताना तो इशाराही देऊ शकत नाही. त्यासाठी निदान, औषध, मात्रा आणि तपासण्यांचे निष्कर्ष स्वतंत्र रकान्यांत, ठरलेल्या संकेतांसह नोंदवावे लागतात. केंद्र सरकारने 2013 मध्ये जाहीर केलेली आणि 2016 मध्ये सुधारलेली मानके याचसाठी असून, प्रत्येक वैद्यकीय संकल्पनेला संकेतांक देणारी ‘स्नोमेड सीटी’ ही आंतरराष्ट्रीय संज्ञावली त्यांत स्वीकारलेली आहे.

आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा 14 अंकी ‘आभा’ क्रमांक काढला, की आपले सारे आजार एका सरकारी संगणकात जमा होतात, ही भीतीही रचनेशी जुळणारी नाही. हा क्रमांक ऐच्छिक असून तो रुग्णाची ओळख पटवण्यापुरता आहे. नोंदी जिथे तयार झाल्या त्या रुग्णालयात वा प्रयोगशाळेतच राहतात आणि रुग्णाने संमती दिल्यावर, त्या संमतीच्या मुदतीपुरत्या, दुसऱ्या डॉक्टरांना पाहता येतात.

सर्वांत घातक गैरसमज मात्र प्रणाली बसवली की चुका आपोआप कमी होतात, हा आहे. अमेरिकेतील पिट्सबर्गच्या बालरुग्णालयाने 2002 मध्ये औषधांचे आदेश संगणकावरून देण्याची पद्धत अवघ्या काही दिवसांत सर्वत्र लागू केली. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, अन्य रुग्णालयांतून तेथे हलवल्या गेलेल्या बालकांमधील मृत्युदर त्यानंतर 2.80 टक्क्यांवरून 6.57 टक्क्यांवर गेला. रुग्णवाहिका वाटेत असतानाच औषधांची तयारी करून ठेवण्याची पूर्वीची सोय बंद झाली होती, कारण बालक दाखल होऊन त्याची नोंद होईपर्यंत प्रणाली आदेशच स्वीकारत नसे. शिवाय औषधे मध्यवर्ती औषधालयातून येऊ लागल्याने आणि डॉक्टर व परिचारिका पडद्यासमोर अडकल्याने अत्यवस्थ बालकाच्या उपचारांतील मोलाची मिनिटे वाया जात होती. सिएटलच्या बालरुग्णालयाने तीच प्रणाली वापरली, तेव्हा अतिदक्षता विभागातील मृत्युदर वाढला नाही, असे 2006 च्या अभ्यासात दिसले; स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालरुग्णालयात तर अशा पद्धतीनंतर मृत्युदर सुमारे 20 टक्क्यांनी घटल्याचे 2010 मध्ये नोंदवले गेले. हे अभ्यास आधी आणि नंतरच्या काळांची तुलना करणारे असल्याने सारे श्रेय वा दोष एका संगणकाला देता येत नाही. तरीही खाटेजवळच्या कामाचा क्रम समजून न घेता केलेली घाई जिवावर बेतू शकते, हे प्रत्येक रुग्णालय प्रशासनाने गांभीर्याने घेतले पाहिजे.

डॉक्टरांचा वेळ वाचतो, हेही सरसकट खरे नाही. अमेरिकेतील बाह्यरुग्ण सेवेच्या 2016 मधील पाहणीत रुग्णासोबतच्या प्रत्येक तासामागे जवळजवळ दोन तास संगणकीय नोंदी आणि लेखनकामात जात असल्याचे आढळले, आणि आपल्याकडील ओपीडीतील गर्दी पाहता नोंदीसाठी स्वतंत्र मनुष्यबळ न देता हे काम डॉक्टरांवर लादणे अन्यायाचे ठरेल.

राहिला सुरक्षिततेचा प्रश्न. नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’वर सायबर हल्ला होऊन नोंदणीसह अनेक कामे हाताने करावी लागली, त्यामुळे विलग ठेवलेल्या राखीव प्रती आणि कोणी कोणती नोंद उघडली याचा माग ठेवणारी व्यवस्था यांना पर्याय नाही. पण म्हणून कागद सुरक्षित ठरत नाही. कागद कोणी चाळला याची खूण उरत नाही, आणि 2002 च्या वैद्यकीय व्यवसायविषयक नियमांनुसार आंतररुग्णांच्या नोंदी जपण्याचे डॉक्टरांवरील बंधन उपचार सुरू झाल्यापासून केवळ तीन वर्षांचे आहे. मधुमेही रुग्णाचे मूत्रपिंड दहा वर्षांत कसकसे निकामी होत गेले, हे दाखवणारे क्रिएटिनिनचे जुने आकडे डॉक्टरांना हवे असतात तेव्हा ते कागद बहुधा हाती लागत नाहीत.