मत आणि निर्णय

इंग्लंडमध्ये १९७२ ते १९८४ या काळात ‘क्राउन कोर्ट’ नावाची एक नाट्यमाला दूरचित्रवाणीवर दाखविली जात असे. मँचेस्टर येथील ग्रॅनाडा टेलिव्हिजन ही संस्था ती तयार करी. कथानक मुख्यतः फुलचेस्टर या कल्पित शहराच्या न्यायालयातच घडे. एक खटला बहुधा तीन दिवस, रोज दुपारी सुमारे अर्धा तास चाले. न्यायाधीश, वकील, साक्षीदार आणि आरोपी यांच्या भूमिका नट करीत. परंतु एका बाजूस बसलेले ज्यूरीचे सभासद मात्र नट नसत.

ज्यूरी म्हणजे काय? इंग्लंडमध्ये गंभीर गुन्ह्याचा खटला चालतो तेव्हा मतदारांच्या यादीतून बारा सामान्य नागरिक निवडले जातात. पुरावा ऐकून आरोपी दोषी आहे की नाही, हे ते ठरवितात. शिक्षा किती द्यावी, हे न्यायाधीश ठरवितात. नाट्यमालेच्या कर्त्यांनी हीच रीत स्वीकारली आणि खऱ्याखुऱ्या नागरिकांना ज्यूरीच्या जागी बसविले. निर्णय सांगणारा प्रमुख तेवढा बहुधा नट असे. कारण त्याला बोलावे लागे. ज्यूरी काय ठरवील, हे आधी कोणालाच ठाऊक नसे. म्हणून नटांना दोन्ही शेवटांची तयारी ठेवावी लागे.

घरी बसलेला प्रेक्षकही त्याच साक्षी ऐके आणि मनाशी आपले मत बनवी. ज्यूरीचा निर्णय त्या मताहून निराळा निघाला, म्हणजे त्याला नवल वाटे. असे का व्हावे?

हे समजण्यासाठी एक कल्पित खटला घेऊ. एका दुकानातील नोकरावर गल्ल्यातील पैसे चोरल्याचा आरोप आहे. चोरीच्या दुसऱ्याच दिवशी त्याने नवी सायकल घेतली. न्यायालयात बोलताना तो अडखळतो. त्याला घाम फुटतो. पाहणारा एक जण म्हणतो, “याच्या चेहऱ्यावरच चोरी दिसते.” दुसरा म्हणतो, “बिचारा गरीब आहे. तो असे करणार नाही.” तिसरा म्हणतो, “सरकारी वकील किती छान बोलले! त्यांचेच खरे असणार.” ही मते एकमेकांहून भिन्न असली, तरी एकातही पुराव्याचा विचार नाही. घाम भीतीनेही फुटतो. गरिबी ही प्रामाणिकपणाची खूण नव्हे. आणि उत्तम वक्तृत्व म्हणजे सत्य नव्हे.

पुढे उलटतपासणीत दुकानाचा मालक कबूल करतो की, गल्ल्याची दुसरी किल्ली त्याच्या भाच्याजवळही होती. नोकराच्या पोस्टातील बचतीच्या पुस्तकावरून दिसते की, सायकलीपुरते पैसे त्याने त्याच दिवशी काढले होते. आता नोकराने चोरी केलीच नाही, असे सिद्ध झाले काय? नाही. पण त्याने ती केली, हेही सिद्ध झाले नाही. अशा वेळी कायदा संशयाचा फायदा आरोपीस देतो. एखाद्या सभासदाला मनातून वाटत असेल की, चोर हाच. तरीही त्याने ‘दोषी नाही’ असाच कौल दिला पाहिजे. वाटणे हे मत झाले. निर्णयाला पुरावा लागतो.

हा नियम चोरांना सोडण्यासाठी केलेला नाही. गेलेले पैसे पुन्हा मिळविता येतात; परंतु निरपराध माणूस तुरुंगात गेला, तर त्याची गेलेली वर्षे कोणालाही परत देता येत नाहीत. त्याच्या घरच्या माणसांनाही खाली मान घालून वावरावे लागते.

आपल्या देशातही पूर्वी मुंबईसारख्या ठिकाणी काही खटल्यांत ज्यूरी बसत असे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला स्थान राहिले नाही. आज फौजदारी खटल्यांत न्यायाधीशच निर्णय देतात. मात्र गुन्हा सिद्ध करण्याची जबाबदारी आरोप करणाऱ्या पक्षावर असते, हे तत्त्व येथेही तेच आहे.

न्यायालयात जाण्याचा प्रसंग सर्वांवर येतो असे नाही. पण दुसऱ्याला दोषी ठरविण्याचा प्रसंग वर्गातही येतो. कोणाची लेखणी हरवते आणि क्षणार्धात एखाद्याचे नाव पुढे येते. त्या वेळी ज्याच्याकडे बोट दाखविले गेले, त्याचे म्हणणे आधी ऐकून घ्यावे आणि मग विचारावे, “पुरावा काय?”