पावती खिशात, माल वखारीत

मार्च २०१५. प्रोजेक्ट सबमिशनची आदली रात्र. माझ्या चार विद्यार्थ्यांनी संगमनेर आणि राहाता तालुक्यांतल्या डाळिंब बागा पालथ्या घालून तेल्या रोगाचे फोटो काढले होते. त्या फोटोंची झिप १४० एमबीची. टर्मिनलवर ‘गिट अ‍ॅड’ झालं, ‘गिट कमिट’ झालं, कुठे काही अडलं नाही. मग ‘गिट पुश’. पाऊण तास टक्केवारी सरकत राहिली आणि शेवटी सर्व्हरने नकार दिला: फाइल १०० एमबीपेक्षा मोठी आहे. पोरांनी झिप डिलीट केली, पुन्हा कमिट केलं, पुन्हा पुश दिलं. पुन्हा पाऊण तास आणि पुन्हा तोच नकार.

“सर, फाइल तर फोल्डरमध्ये नाहीच आता. मग अडतंय कशाला?”

“तुझे आजोबा वारले, तेव्हा सातबाऱ्यावरचं त्यांचं नाव खोडलं का?”

“नाही सर. कंस झाला. फेरफार पडला आणि वारसांची नावं लागली.”

“मग इथेही कंसच झालाय. नाव अजून आहे.”

कोडमधल्या बदलांचा इतिहास सांभाळणारं गिट समजावून सांगायला मला याहून जवळचा दाखला आजवर सापडलेला नाही. तलाठ्याकडचा गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवही. तिथे झालेली नोंद पुसत नाहीत, तिच्यापुढे नवी नोंद येते. गिटमधलं प्रत्येक कमिट हा असाच एक फेरफार. पहिल्या कमिटमध्ये झिप होती, दुसऱ्यात ती काढल्याची नोंद झाली. पुश करताना दोन्ही निघाले आणि पहिल्यासोबत १४० एमबीही निघाले.

या वर्तनाचं मूळ गिटच्या जन्मात आहे. एप्रिल २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी गिट लिहिलं ते लिनक्स कर्नलसाठी, म्हणजे मुख्यतः मजकुराच्या फाइलींसाठी. मजकुरात दोन ओळी बदलल्या, तर जुन्या-नव्या प्रतींमधला फरक तेवढा साठवून गिट जागा वाचवतं. फोटो आणि झिप मुळातच दाबून बसवलेले असतात. त्यांच्यात फरक शोधून फारसं काही वाचत नाही, म्हणून दर बदलाला जवळजवळ अख्खी नवी प्रत साठते.

गिटच्या आधी आम्ही सबव्हर्जन वापरायचो. त्यात सगळा इतिहास सर्व्हरवर राहायचा आणि आपल्या मशीनवर फक्त चालू आवृत्ती यायची. मोठ्या फाइलींचा त्रास होता, पण तो सर्व्हरच्या डिस्कला. गिटने पूर्ण इतिहास प्रत्येकाच्या मशीनवर आणला. भारनियमनाच्या त्या वर्षांत आम्हाला हे वरदान वाटलं. वीज गेली, ब्रॉडबँड गेलं, तरी लॅपटॉपवर कमिट करता यायचं. पण त्या वरदानाचंच ओझं झालं. एकाने मोठी फाइल टाकली की पुढे क्लोन करणाऱ्या प्रत्येकाने ती उतरवायची, मग ती कधीच काढून टाकलेली का असेना. त्यात पुश अर्ध्यावर तुटला, तर पहिल्यापासून सुरुवात.

यावर उपाय शोधणारे बरेच होते. २०१० मध्ये जोई हेस यांनी ‘गिट-अ‍ॅनेक्स’ आणलं. आमच्या त्या फजितीनंतर महिनाभरात, एप्रिल २०१५ मध्ये, गिटहबने ‘गिट एलएफएस’ जाहीर केलं. दोन्हींची कल्पना आपल्याकडच्या शेतकऱ्याला नवी नाही: माल वखारीत ठेवायचा, पावती खिशात.

ही पावती पाहण्यासारखी असते. पुढच्या वर्षी एका विद्यार्थिनीने एलएफएस न बसवताच आमचा रेपो, म्हणजे इतिहासासकट अख्खं प्रोजेक्ट, क्लोन केला. फोटो उघडेना, म्हणून तिने तो एडिटरमध्ये टाकला. आत फक्त तीन ओळी: पहिलीत आवृत्ती, दुसरीत ६४ अक्षरांचा ठसा, तिसरीत मूळ फाइलचा आकार. तिच्याकडे पावती आली होती, माल आला नव्हता. एलएफएस बसवून ‘गिट एलएफएस इन्स्टॉल’ आणि मग ‘गिट एलएफएस पुल’ दिल्यावर फोटो आले. अर्थात वखारीला भाडं असतं. ठरावीक जागा फुकट, पुढे पैसे.

जड रेपोचं दुखणं मोठ्यांनाही होतं. २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजचा सुमारे ३०० जीबीचा कोड गिटवर आणला, तेव्हा लागेल तेवढ्याच फाइली उतरवणारी वेगळी यंत्रणा त्यांना लिहावी लागली. पुढे अर्धवट क्लोन करायची सोय मूळ गिटमध्येच आली. आणि आधीच शिरलेली मोठी फाइल इतिहासातून काढण्यासाठी ‘फिल्टर-ब्रँच’ या जुन्या, संथ आणि धोकादायक आज्ञेच्या जागी ‘फिल्टर-रेपो’ वापरा, असं आता गिटच सांगतं.

मधल्या काळातली एक गंमत. २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. आमच्या रेपोत फोटोंचं ‘अहमदनगर’ नावाचं फोल्डर होतं, तेही बदललं. कित्येक जीबी पुन्हा चढवावे लागणार म्हणून पोरं धास्तावली होती. पुश दोन सेकंदांत संपला. गिट फाइल ओळखतं ती आतल्या मजकुरावरून. नावं वेगळ्या यादीत असतात आणि बदलली ती फक्त यादी. बाहेर पाट्या, शिक्के आणि लेटरहेड बदलायला किती वेळ लागला, ते सगळ्यांनी पाहिलंच.

मार्च २०१५च्या त्या रात्री आम्ही दोन्ही कमिट मागे घेतली, झिप बाहेर ठेवली आणि कोड तेवढा पुन्हा कमिट केला. कमिट पुश झालेली नव्हती, म्हणून हे जमलं. एकदा ती चार जणांच्या मशीनवर पोचली की इतिहास नव्याने लिहावा लागतो आणि प्रत्येकाला जुना क्लोन टाकून नवा घ्यावा लागतो.

आजही मर्यादा आहेतच. गिटहबवर ब्राउझरमधून २५ एमबीपर्यंतची फाइल चढते. कमांड लाइनवरून ५० एमबीच्या पुढे इशारा येतो आणि १०० एमबीच्या पुढे नकार. तेव्हा ‘गिट अ‍ॅड’पुढे टिंब देऊन सगळं फोल्डर एकदम उचलण्याआधी फाइलींचे आकार बघा. मोठी फाइल असेल तर आधी ‘गिट एलएफएस ट्रॅक’, मग ‘गिट अ‍ॅड’. आणि ट्रॅकने तयार केलेली ‘गिटअ‍ॅट्रिब्यूट्स’ फाइलही सोबत कमिट करा. ती हमखास राहून जाते.