श्वानाची तालीम आणि टिकटिकीचा संकेत

बालाघाटच्या डोंगराळ मुलखात, आष्टी-पाटोद्याच्या माळावर मेंढरे राखणाऱ्या कुत्र्यास धन्याची शीळ उमगते, यामागील तत्त्व, म्हणजे ज्या कृतीपाठोपाठ सुखद फल लाभते ती कृती प्राणी पुनःपुन्हा करतो हे, बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९३८ साली ग्रंथरूपाने सविस्तर मांडले. आणि त्याच्या ब्रेलंड नामक शिष्यदांपत्याने ते प्रयोगशाळेबाहेर आणून श्वानशिक्षणास लावले.

या शिक्षणाचे साधन म्हणजे क्लिकर, टिक् असा आवाज करणारी लहानशी डबी. प्रथम काही वेळ केवळ आवाज करून लगेच भाकरीचा तुकडा द्यावा, म्हणजे त्या ध्वनीला बक्षिसाचा अर्थ येतो. मग कुत्र्याने पंजा किंचित जरी उचलला, तरी त्याच क्षणी टिक् करावे आणि इनाम द्यावे. पुढे पंजा अधिक उंच गेला तरच संकेत द्यावा, असे पायरीपायरीने हस्तांदोलन साधते. ध्वनीला विलंब झाला, तर जनावर भलतीच कृती शिकते. साखळीचा हिसका आणि छडी यांचा दस्तूर मला सर्वथा त्याज्य वाटतो, कारण भयग्रस्त प्राणी नवे काही करून पाहण्याचेच सोडतो. बीडच्या उन्हाळ्यात ही तालीम भल्या पहाटे, पाच मिनिटेच घ्यावी.