विश्वाचे भवितव्य

पुलगाव हे वर्धा नदीच्या काठी वसलेले गाव आहे. मुंबईहून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग येथे पुलावरून नदी ओलांडतो. सायंकाळी नदीकाठी उभे राहून धावत्या गाडीकडे नीट कान दिला, तर एक मौज ध्यानात येते. गाडी आपल्याकडे येत असते, तेव्हा तिच्या भोंग्याचा स्वर उंच असतो. ती आपल्याला ओलांडून दूर जाऊ लागली, की तोच स्वर खाली उतरतो. डोळे मिटून घेतले, तरी गाडी येत आहे की जात आहे, हे नुसत्या स्वरावरून सांगता येते. ऑस्ट्रियातील शास्त्रज्ञ ख्रिस्तियान डॉप्लर यांनी १८४२ साली या चमत्काराचा नियम मांडला.

पुलावरील गाडीचा आणि विश्वाच्या भवितव्याचा संबंध काय, असे तुम्हांला वाटेल. परंतु ध्वनीप्रमाणे प्रकाशाच्याही लहरी असतात. प्रकाश देणारी वस्तू दूर जाऊ लागली, की त्या लहरी ताणल्या जातात आणि प्रकाश तांबड्या रंगाकडे झुकतो. वस्तू जवळ येत असली, तर तो निळ्या रंगाकडे झुकतो. म्हणजे तारे जरी मुके असले, तरी त्यांच्या प्रकाशाचा रंग त्यांची चाल सांगतो.

कार्तिक-मार्गशीर्षातील अंधाऱ्या रात्री, गावच्या दिव्यांपासून दूर शेतात गेल्यास, आकाशात एक अंधुक, धुरकट ठिपका दिसतो. ती देवयानी दीर्घिका होय. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा समूह. आपला सूर्यही आकाशगंगा नावाच्या अशाच एका दीर्घिकेतील तारा आहे. प्रकाश एका सेकंदात सुमारे ३ लाख किलोमीटर धावतो. तरीही देवयानीचा प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचण्यास सुमारे २५ लाख वर्षे लागतात. अशा असंख्य दीर्घिका विश्वात विखुरलेल्या आहेत.

१९२९ साली अमेरिकेतील ज्योतिर्विद एडविन हबल यांनी दीर्घिकांची अंतरे आणि त्यांच्या प्रकाशाचा तांबडेपणा ताडून पाहिला. देवयानीसारख्या काही जवळच्या दीर्घिका गुरुत्वाकर्षणामुळे आपल्याकडे येत आहेत. परंतु बाकीच्या आपल्यापासून दूर चालल्या आहेत, आणि जी जितकी लांब, तितका तिचा वेग अधिक, असे त्यांना आढळले. फुग्यावर शाईचे ठिपके काढून तो फुगविला, तर प्रत्येक ठिपका इतर सर्व ठिपक्यांपासून दूर जातो. विश्वाचेही तसेच आहे. दीर्घिकांमधील अवकाशच ताणले जात आहे.

मग हे प्रसरण कोठवर चालणार? वर फेकलेला चेंडू पृथ्वीच्या ओढीने मंदावतो आणि अखेर खाली येतो. त्याचप्रमाणे परस्परांच्या आकर्षणाने दीर्घिकांचा वेगही कमी होईल आणि एके दिवशी सारे विश्व पुन्हा आकुंचन पावेल, असे काहींना वाटले. इतर म्हणाले, की हे आकर्षण पुरेसे नसेल, तर प्रसरण मंदावेल, पण कधीच थांबणार नाही.

याहून अगदी वेगळे मत १९४८ साली इंग्लंडमध्ये फ्रेड हॉईल, हर्मन बॉण्डी व टॉमस गोल्ड यांनी मांडले. नदीचे उदाहरण घ्या. पुलाखालचे पाणी क्षणभरही थांबत नाही. पण गेलेल्या पाण्याची जागा वरून येणारे पाणी घेते, म्हणून नदी तशीच दिसते. विश्वातही दीर्घिका दूर जातात, तसतसे मधल्या जागेत नवे द्रव्य निर्माण होते. त्यामुळे विश्वाला आरंभ नाही आणि अंतही नाही, असे ते म्हणत. या स्थिर-स्थिती सिद्धान्ताचे एक खंदे पुरस्कर्ते आपले जयंत विष्णु नारळीकर होत. त्यांचा जन्म १९३८ साली कोल्हापूर येथे झाला. केंब्रिज येथे हॉईल यांच्या हाताखाली त्यांनी संशोधन केले आणि १९६४ साली त्या दोघांनी गुरुत्वाकर्षणाचा एक नवा सिद्धान्त मांडला.

परंतु विज्ञानात मत कितीही सुंदर असले, तरी अखेरचा निवाडा निरीक्षणाचा असतो. १९६५ साली पेन्झिअस आणि विल्सन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी आकाशाच्या सर्व दिशांनी येणाऱ्या मंद लहरींचा शोध जाहीर केला. विश्व एके काळी अतिशय उष्ण आणि दाट होते, याची ती खूण मानली जाते. त्यामुळे बहुतेक शास्त्रज्ञांचा कौल महास्फोटाच्या सिद्धान्ताकडे गेला. त्यानुसार विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे आहे. नारळीकरांनी मात्र आपले प्रश्न सोडले नाहीत. १९९३ साली त्यांनी सहकाऱ्यांसह जुन्या सिद्धान्ताचे नवे रूप मांडले. ते बहुतेकांनी स्वीकारले नाही. तरी सर्वमान्य मतासही प्रश्न विचारावा, हा धडा त्यांनी घालून दिला. पुण्यातील ‘आयुका’ या संस्थेचे ते संस्थापक संचालक होते. २०२५ साली त्यांचे निधन झाले.

१९९८ साली एक अनपेक्षित गोष्ट उघडकीस आली. दूरच्या स्फोटक ताऱ्यांचे निरीक्षण करणाऱ्या दोन पथकांना असे आढळले, की विश्वाचे प्रसरण मंदावत नसून उलट वाढत आहे. वर फेकलेला चेंडू खाली येण्याऐवजी अधिकाधिक वेगाने वर जावा, तसेच हे झाले! यामागील अज्ञात कारणाला ‘कृष्ण ऊर्जा’ असे नाव देण्यात आले.

ही ऊर्जा अशीच राहिली, तर पुढे काय होईल? सुमारे ५०० कोटी वर्षांनी सूर्याच्या गाभ्यातील इंधन संपेल. तो फुगून तांबडा होईल आणि शेवटी लहानसा, निवत जाणारा गोळा उरेल. लाखो कोटी वर्षांनी दूरच्या दीर्घिका दिसेनाशा होतील. त्याहूनही पुढे नवे तारे जन्मणे थांबेल, जुने विझतील आणि विश्व थंड व अंधारे होईल. मात्र हा अंतिम निकाल नव्हे. २०२४ व २०२५ साली अमेरिकेतून जाहीर झालेल्या निरीक्षणांत कृष्ण ऊर्जा क्षीण होत असावी, असे काही संकेत मिळाले आहेत. ते खरे ठरल्यास हे भाकीत बदलावे लागेल.

यात घाबरण्यासारखे काही नाही. विचार करण्यासारखे मात्र पुष्कळ आहे. त्या दूरच्या काळात कोणी ज्योतिर्विद असलाच, तर त्याला स्वतःच्या दीर्घिकेपलीकडे काहीच दिसणार नाही. विश्व प्रसरण पावते, हे त्याला कशावरून कळावे? पार दूर गेलेल्या गाडीचा भोंगा नदीकाठी उभ्या असलेल्या माणसाला ऐकू येत नाही. तेथून गाडी गेली होती, हेही त्याला ठाऊक नसते. आपल्या काळात तो स्वर अजून ऐकू येत आहे. तो ऐकून घेणे आणि पुढच्यांसाठी नीट लिहून ठेवणे, हे आपले काम आहे.